दाजींचा दौंडचा मुक्काम

शिरूर,
८ नोव्हेंबर २०२४

चि. एडविन यास,
दबोराताईचे आशीर्वाद आणि मनभरून सलाम.

इकडे आम्ही दोघं देवाच्या दयेनं ठीक आहोत. तिकडे तू, ब्लेसन आणि सूनबाई नॅन्सी खुशाल असाल.

हातात फोन असताना ताईला पत्राचं काय वेड लागलं, असं म्हणशील. अरे, रेल्वेच्या इंजिनात आयुष्य काढून तुझे कान गेलेत. तुला ऐकू जावं म्हणून मी ओरडते, आणि मी ओरडले की शेजारच्या खुर्चीत बसलेले हे सगळं ऐकतात. परवा यांच्या विसरण्याबद्दल तुला सांगत होते ना, तर फोन ठेवल्यावर यांनी विचारलं, कोण बिचारा आजारी आहे? मी म्हटलं, आहेत एक ओळखीचे. त्यावर म्हणाले, त्यांच्या बायकोचं अवघड असेल. तेव्हाच ठरवलं, यांच्याविषयी काही बोलायचं तर ते कागदावर.

पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या ठिकठिकाणी बंद झाल्यात म्हणाले. बारीक बारीक झटके येऊन गेले आणि आपल्याला कळलंही नाही. गेलेलं परत आणेल असं औषध नाही, आहे ते टिकवायचं. बीपी आणि साखर ताब्यात ठेवायची, रक्त पातळ राहायची गोळी चुकवायची नाही, रोज चालवायचं, दिवसाचा क्रम मोडू द्यायचा नाही. स्मरणासाठी एक गोळी दिलीय, पण तिचा गुण कुणाला थोडा येतो, कुणाला येत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. स्वच्छ बोलणारा माणूस चांगला.

सकाळी उठले की हे खाकी शर्ट मागतात. नाही दिला तर तसेच निघतात आणि एसटी स्टँडवर जाऊन बसतात. डेपोतले जुने लोक ओळखतात म्हणून बरं. चहा पाजून घरी आणून सोडतात, वर मलाच सांगतात, काकू, शांतवन ड्रायव्हर अजून टायमाला पक्के आहेत.

पलीकडच्या कस्तुराबाई सांगत होत्या, हायवेला कुठलं तरी सेंटर निघालंय. तिथं सलाइन लावत्यात आन् नसा साफ हुत्यात, माझ्या नणंदेला लई फरक हाय, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांचं ऐकून आलेली मी, तरी मन तिकडं ओढ घेतं रे.

माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन करायचं तर यांना कुठं ठेवू? जॉयसकडं ठेवावं तर लेकीची सणसवाडीची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि ती दिवसभर कंपनीत. बघू.

तुझी माया मला ठाऊक आहे. पत्रातूनही थोडी येऊ दे.
तुझी,
दबोराताई


दौंड,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. दबोराताईस,
धाकट्या एडविनचा साष्टांग नाही, कारण वाकवत नाही, पण मनापासून सलाम. वि. वि.

तुझं पत्र नॅन्सीच्या हाती पडलं. तिला वाटलं, कोर्टाचं काही आहे. हल्ली घरी पत्र म्हणजे नोटीसच. या उत्तरातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नकोस, मास्तरीणबाई. माझे केस पांढरे झालेत.

दाजींना इकडे पाठव. अगदी बिनधास्त पाठव. मार्था गेल्यापासून दुपारी या घरात मी आणि पंखा दोघंच असतो. ब्लेसन कुरकुंभला कंपनीत, नॅन्सी शाळेत. दाजी असले की रेल्वे चांगली की एसटी, हे भांडण निदान पुन्हा सुरू करता येईल. ते विसरत असतील तर उत्तमच, या वेळी मी जिंकेन.

आता माझं. पोटऱ्या चालताना भरून येतात हे तुला माहीत आहे. चर्चला जाताना मधेच थांबावं लागतं. लोकांना कळू नये म्हणून मी खिशातून फोन काढून बघत उभा राहतो. लोक म्हणत असतील, एडविन म्हातारपणी मोबाइलवाला झाला. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, पुण्याला जाऊन तपासा, फुगा घालून उघडता येतील, नाहीतर बायपास. सिगरेट आजपासून बंद म्हणे. सिगरेट बंद केली. जवळजवळ केली.

पण ताई, मी पुण्याला जाणार नाही. मार्थेला साध्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला नेलं होतं, हे तुला ठाऊक आहे. मी तिची पिशवी हातात धरून बाहेर बसलो होतो आणि आत तिला झटका आला. त्या पायऱ्या मी पुन्हा चढणार नाही.

मी तुझ्या कस्तुराबाईंच्याच सेंटरला जातोय, किंवा त्यातल्याच एखाद्या. आठवड्याला सलाइन लावतात. माणूस गोड बोलतो. कापाकापी नाही, नळ्या आतून धुतल्या जातात, पायाच्या तशा मेंदूच्यासुद्धा, असं सांगतो. मला जरा हलकं वाटतं. दाजींनाही लावू. काय बिघडतं?

उत्तर लवकर लिही, रागावलीस तरी लिही.
तुझा,
एडविन


शिरूर,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. एडविन यास,
आशीर्वाद आहेत, पण आज त्यांच्या आधी रागावणं आहे.

तुझं पत्र वाचून मी तडक डॉक्टरांना फोन लावला. त्या सलाइनचं विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, आजी, तुमच्यासारखे रोज दोघंतिघं विचारतात. अशानं बंद झालेली वाहिनी उघडत नाही आणि मेलेल्या पेशी जाग्या होत नाहीत, उलट मूत्रपिंडाला त्रास व्हायची भीती. त्यापेक्षा वाईट म्हणजे माणूस खऱ्या उपचाराची वेळ त्यात घालवतो. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी यांना तिकडं नेणार नाही. कस्तुराबाईंच्या नणंदेला फरक पडला असेल तर देव तिचं भलं करो.

यांचं गेलेलं परत येणार नाही, हे मला गिळावं लागलं. तुझं तसं नाही रे. तुझ्या पायाला इलाज आहे आणि तू तो नाकारतोयस. यांच्यासाठी असा इलाज कुणी सांगितला असता तर मी अनवाणी गेले असते. मार्था गेल्याचं दुःख मला कळतं. ती माझीही मैत्रीण होती. पण ती असती तर तिनं तुझा कान धरून तुला गाडीत बसवलं असतं.

एवढं बोलून आता कामाचं. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, जॉयसनं रजा काढली. ती शनिवारी यांना तुझ्याकडं सोडेल. खाकी शर्ट पिशवीत ठेवते. मागितला तर देऊन टाक, घातला की शांत होतात. मला ओळखलं का, असं त्यांना कुणी विचारू नका. परीक्षेला बसवल्यासारखा चेहरा होतो त्यांचा. चुकीचं बोलले तर खोडू नका. तुला खोडायची फार खोड आहे. एक गोष्ट ते दहादा विचारतील, दहाव्यांदाही पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर दे. गोळ्यांच्या डबीवर नॅन्सीसाठी चिठ्ठी चिकटवलीय.

आणि एडविन, जिन्याला दिवा ठेव.

यांना दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नसतं. तुझ्या हाती म्हणून देते.
तुझी,
दबोराताई


दौंड,
१२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सलाम. तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली असं नॅन्सीनं सांगितलं, म्हणून लिहितो. जॉयसकडून वाचून घे, डोळ्याला ताण देऊ नकोस.

दाजी मजेत आहेत. जेवण व्यवस्थित, नॅन्सीच्या हातची मेथीची भाजी दोनदा मागून घेतात. सकाळी खाकी घालून अंगणात उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाटस, वरवंड, यवत असे थांबे सांगतात. पलीकडची गीताबाई सुरुवातीला बिचकली. आता तीही जाता जाता विचारते, गाडी टायमावर हाय का दाजी? हे म्हणतात, बसा मावशी. संध्याकाळी आम्ही स्टेशनकडं तोंड करून बसतो. गाडी गेली की मी तिचं नाव सांगतो. ते म्हणतात, रुळावरून काय कुणीही चालवील, वळण कुठाय? हा टोमणा मला तुमच्या लग्नापासून बसतोय. तो मात्र विसरले नाहीत.

एक गंमत सांगतो. माझ्या पायाच्या करंगळीला बूट चावलाय. सकाळी ओट्यावर बसून मी पट्टी बदलत होतो. दाजींनी बघितलं आणि घाबरेच झाले. अरे एडविन, पायाला काय झालं? डॉक्टरला दाखवलंस का? मी म्हटलं, काही नाही दाजी, बूट चावलाय. बरं म्हणाले. चहा प्यायले. कप खाली ठेवला, खाली पाहिलं, आणि पुन्हा, अरे एडविन, पायाला काय झालं? तोच चेहरा, तीच काळजी. तू सांगितल्याप्रमाणं मीही पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर दिलं. आता हे दिवसभर चालतं. मोजा घातला तर म्हणतात, वास कसला येतोय रे, आणि मोजा काढायला लावतात. काल जेवताना सगळ्यांसमोर विचारलं. नॅन्सीनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी ताटाकडं बघत जेवलो. मी बूट बदलले आहेत असं तिला सांगितलं.

बाकी सर्व क्षेम. सलाइन चालू आहे. तू डोळ्याला जप.
तुझा,
एडविन


शिरूर,
१६ डिसेंबर २०२४

एडविन,
अक्षर मोठं येतंय कारण एकाच डोळ्यानं लिहितेय. जॉयसनं तुझं पत्र वाचून दाखवलं आणि वाचता वाचता तीच थांबली. तुला गंमत वाटली, आम्हाला नाही.

बूट चावला तर वास येत नाही. मला खरं सांग, बोटाचा रंग कसा आहे? नॅन्सीला फोन केला. ती म्हणाली, मामंजी पाय दाखवतच नाहीत, आतून कडी लावून पट्टी करतात. तू घरातल्या सगळ्यांपासून लपवलंस, आणि ज्यांच्या लक्षात राहणार नाही असं वाटलं त्यांच्यापुढं उघडं केलंस. तेच तुला रोज विचारतायत. त्यांना खोटं सांगताना तुला काय वाटतं रे?

मला डॉक्टरांनी अजून प्रवास करू दिला नाही. नाहीतर हे पत्र लिहीत बसले नसते, तुझ्या दारात उभी असते. आजच जा.
दबोराताई


दौंड,
४ जानेवारी २०२५

ती. दबोराताईस,
पलंगावर पाय उंच ठेवून लिहितोय. नव्या वर्षाचा सलाम घे.

ऑपरेशनचं सगळं तुला नॅन्सीनं फोनवर सांगितलंच आहे. पण मी घरातून निघालो कसा, ते तिलाही नीट माहीत नाही. तिला वाटतं, मी शहाणा झालो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून उशीखाली सारलं. बोट काळं पडलं होतं, ताई. मला दिसत होतं. सेंटरवाला म्हणाला होता, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. मला तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आम्ही दोघंच. मी ओट्यावर पट्टी सोडली. दाजी आले, वाकून बघितलं. अरे एडविन, पायाला काय झालं? मी तोंड उघडलं आणि बूट हा शब्द बाहेर येईना. दाजी सरळ उभे राहिले. मग म्हणाले, तू बस, मी गाडी काढतो. खाकी घातलेलीच होती. गेटची कडी काढून सरळ रस्त्याला लागले.

मी ओरडलो. ऐकतात कुठले. चप्पल कशीबशी अडकवून मागं निघालो. पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलो असेन नसेन, पोटरी अशी आवळली की मी तिथं कट्ट्यावर बसलोच. समोर मोठा रस्ता, उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, आणि दाजी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे. तुला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. पण मला उठता येईना. ताई, तेव्हा मला कळलं की माझ्या पायांचं काय झालंय. माझ्या डोळ्यांदेखत माझा माणूस मरायला उभा आहे आणि मला त्याच्यापर्यंत जाता येत नाही.

एक ट्रॉली बाजूनं गेली. मग एक रिक्षा थांबली. दाजींनी रिक्षावाल्याला काय सांगितलं देव जाणे, पण तो रिक्षा वळवून माझ्यापाशी घेऊन आला. म्हणाला, तुमचा डायव्हर म्हणतोय पेशंट हाय, बसा आजोबा, कुठं न्यायचं? मी दाजींचा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांना घरी न्यावं म्हणून आत बसलो. रिक्षा हलली तसं दाजींनी माझ्याकडं वळून विचारलं, एडविन, आपण कुठं निघालोय रे? विसरले होते, ताई. पाय, बोट, गाडी, सगळं. नुसते माझ्याकडं बघत होते, मी सांगेन ते खरं मानायला तयार.

मी म्हटलं, दवाखान्यात, दाजी. माझा पाय सडत चाललाय, तो दाखवायला.

म्हणाले, बरं केलंस.

पुढचं तुला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी पावलाची नाडी शोधली, लागली नाही. त्याच दिवशी पुण्याला. जांघेतून तार घालून फुग्यानं वाहिनी उघडली, आत जाळी बसवली. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय राहिला. उशीर झाला असता तर गुडघ्याखालून गेला असता, असं सर्जननी सांगितलं. आत नेताना मी फार घाबरलो होतो. मार्थेचं नाव घेत होतो. बाहेर आलो तर ब्लेसन माझी पिशवी धरून बसला होता. त्याला बघून मला रडू आलं.

सिगरेट आता खरंच बंद. नॅन्सीनं घराची झडती घेऊन पाकिटं काढली.

दाजींना जॉयस घेऊन गेली, घर सुनं वाटतंय. त्यांना माझा सलाम सांग. कोण एडविन म्हणाले तरी सांग.
तुझा,
एडविन


शिरूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. एडविन यास,
आशीर्वाद, आणि या खेपेस रागावणं शिल्लक नाही.

तुझं पत्र मी दोन्ही डोळ्यांनी वाचलं. वाचून होईपर्यंत दोन्ही भरले. हे समोर बसून शेंगा सोलत होते. मी त्यांना सांगितलं, तुम्ही एडविनचा पाय वाचवलात. म्हणाले, मी कशाला, डॉक्टरांनी वाचवला असेल. मग सोललेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले.

यांना तपासणीला नेलं होतं. बीपी छान आहे, नवा झटका नाही. तरी थोडं उतरलंच आहे. आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, तुम्ही करताय ते बरोबर आहे. मग यांच्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघत विचारलं, आजी, तुम्हाला शेवटची सुट्टी कधी मिळाली? मला उत्तर आठवेना. मीच यांच्यासारखी झाले.

मागायचं कसं ते मला येत नाही, तुला माहीत आहे. मी थकलेय, एडविन. जॉयसला सांगितलं तर ती नोकरी सोडून येईल, म्हणून तिला सांगत नाही. तुला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. यांनाही चालायचंच असतं, पण एकटं सोडता येत नाही. तू इकडं येऊन राहशील का थोडे दिवस? मी तुझ्या घरी जाऊन नॅन्सीच्या हातचं खाईन, झोपेन आणि कुणाचीही बटणं लावणार नाही.

नाही म्हणालास तरी तुझ्यावरची माया कमी होणार नाही.
तुझी,
दबोराताई


शिरूर,
१३ मार्च २०२५

ती. दबोराताईस,
तुझ्याच टेबलावर, तुझ्याच पेनानं, एडविनचा सलाम. वि. वि.

नॅन्सीचा फोन आला होता. म्हणाली, आत्या दुपारी जेवल्या की संध्याकाळपर्यंत झोपतात. ऐकून बरं वाटलं. अजून झोप. शनिवारशिवाय येऊ नकोस.

आम्ही सकाळी आणि संध्याकाळी नदीकडच्या रस्त्यानं फिरायला जातो. पोटरी भरली की मी थांबतो. फोन काढत नाही आता, नुसता उभा राहतो. दाजीही थांबतात, माझ्याकडं बघत. निघालो की निघतात. आलो तेव्हापेक्षा आता बरंच पुढं जाऊन थांबावं लागतं. चपलेत कापसाची घडी घालतो, तोल जात नाही. स्वयंपाक मला जमतोय. भात थोडा कच्चा राहतो, पण तक्रार करणारा माणूस नाही.

आता एक सांगायचं आहे. कान गेल्यापासून फोनवर मीही ओरडूनच बोलतो, आणि ते शेजारीच बसलेत. शनिवारी तू दारात उभी राहशील तेव्हा एकदम कळू नये, म्हणून आधी लिहितो. दाजींना या आठवड्यात तुझं नाव आठवत नाही. मी दोनतीनदा सहज बोलण्यात घेतलं, दबोरा येणार, दबोरानं सांगितलंय. त्यांनी मान हलवली, पण ओळख पटल्याचं दिसलं नाही. तुझा फोटो दाखवायचा विचार केला, मग तुझी परीक्षेची गोष्ट आठवली आणि दाखवला नाही.

पण काल संध्याकाळी फिरून आल्यावर ते ओट्यावर बसले आणि गेटकडं बघायला लागले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. मी विचारलं, दाजी, कुणाची वाट बघताय? म्हणाले, त्या बाई अजून आल्या नाहीत. मी म्हटलं, कोण बाई? त्यांनी खूप विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाले, नाव नाही सांगता येत. त्या घरात आल्या की मला बरं वाटतं.

मी सांगितलं, शनिवारी येतील. तेव्हा उठून जेवायला आले.

ये ताई. आम्ही दोघं वाट बघतोय.
तुझा,
एडविन